फोन बंद पडला तर आधी तक्रारीचा नंबर घ्या

पगार थकला की आपण बोलतो. पासपोर्ट कंपनीने दाबून ठेवला की बोलतो. कॅम्पातला एसी चार दिवस बंद राहिला तर दहा जण मिळून कॅम्प बॉसकडे जातो. पण ऑपरेटरकडून हप्त्यावर घेतलेला फोन दुसऱ्याच महिन्यात बंद पडला, तर काय करतो? एकदा-दोनदा कस्टमर केअरला फोन लावतो, गाणं ऐकत थांबतो, बॅलन्स संपतो, आणि मग "जाऊ दे, नशीब आपलं" म्हणून तो फोन बॅगेच्या तळाशी टाकतो. मित्राकडून उसने घेऊन जुना सेट विकत घेतो. आणि बंद फोनचे हप्ते पुढची दोन वर्षं गपचूप भरत राहतो.

आजचं संपादकीय या "जाऊ दे" विरुद्ध आहे.

काही जण म्हणतील, मजुरांच्या हक्कांवर लिहिणारे तुम्ही, फोनच्या दुरुस्तीवर काय लिहिताय? त्याला उत्तर असं की आखातात काम करणाऱ्या माणसाचे निम्मे हक्क आता त्या फोनमध्येच आहेत. पगार खात्यात आला की मेसेज फोनवर येतो. कमी आला तर तोच मेसेज पुरावा. ओव्हरटाइमच्या शीटचा फोटो फोनमध्ये, कॉन्ट्रॅक्टची कॉपी फोनमध्ये, फोरमनने "उद्यापासून दुसऱ्या साइटवर जा" म्हणून पाठवलेला व्हॉइस मेसेज फोनमध्ये. अमिरातीत सरकारी कामाला यूएई पास लागतो, सौदीत अबशर लागतं, आणि दोन्हीकडे आत शिरायचं तर फोन हातात चालू हवा. गावी पैसे पाठवायचे तर ओटीपी फोनवर. गावच्या बँकेचा ओटीपी दुसऱ्या सिमवर, तेही त्याच फोनमध्ये. आणि रात्री साडेनऊला पोरीचा चेहरा दिसतो, तो त्याच काचेवर.

म्हणजे फोन बंद पडला की माणूस एका दिवसात बँकेपासून, सरकारपासून, घरापासून तुटतो. दुकानात नोकरी करणाऱ्या साहेबाकडे ऑफिसचा कॉम्प्युटर असतो, घरी टॅब असतो. आपल्याकडे एकच फोन. म्हणून खराब फोन बदलून मिळणं हे आपल्यासाठी गिऱ्हाइकाचं लाड नाही. कामाचं हत्यार दुरुस्त करून मागण्यासारखं आहे ते.

तीन दरवाजांचा खेळ

आमच्याकडे आलेली एक तक्रार सांगतो. ऑपरेटरचं नाव घेत नाही, कारण हा खेळ एका कंपनीचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातला एक स्कॅफोल्डर. ऑपरेटरच्या दुकानातून चोवीस महिन्यांच्या हप्त्यावर फोन घेतला. सहाव्या आठवड्यात नेटवर्क जायला लागलं, मग फोन आपोआप बंद होऊन चालू व्हायला लागला. दुकानात गेला. दुकानातला म्हणाला, आम्ही फक्त विकतो, टेक्निकल सपोर्टला फोन करा. टेक्निकल सपोर्टने अर्धा तास फोन बंद-चालू करायला लावून सांगितलं, हा सेटचा दोष दिसतो, बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. सर्व्हिस सेंटरने दोन दिवस फोन ठेवून घेतला आणि परत दिला, "आम्हाला काही दोष आढळला नाही." तो परत दुकानात गेला. दुकानातला म्हणाला, सर्व्हिस सेंटरने ओके दिलंय, आम्ही काय करणार?

तीन दरवाजे, आणि प्रत्येक दरवाजावरचा माणूस दुसऱ्या दरवाजाकडे बोट दाखवतो. यात कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकलून दिलं नाही. सगळे "सर, सर" म्हणत होते. पण त्या माणसाची तीन सुट्ट्या गेल्या, टॅक्सीचे पैसे गेले, आणि फोन होता तिथेच राहिला. आठवड्याला एकच सुट्टी असलेल्या माणसाच्या तीन सुट्ट्या म्हणजे तीन आठवडे. अशी चाल फार काळ कुणाला परवडत नाही. म्हणूनच ती चालते. कंपनीला आपला हक्क नाकारावा लागत नाही, आपला वेळ संपेपर्यंत थांबलं की पुरतं.

पण आम्ही त्याला पहिला प्रश्न विचारला, "तक्रारीचा नंबर काय?" नंबर नव्हता. चार वेळा बोलला, एकदाही नंबर मिळाला नाही, कारण मागितलाच नव्हता. ऑपरेटरच्या कॉम्प्युटरमध्ये कदाचित त्या माणसाने एकदाही तक्रार केलेली नव्हती! तोंडी बोललेलं हवेत जातं. नंबर असेल तरच ती तक्रार, नाहीतर ती नुसती गप्पा.

कायदा कुणाच्या बाजूने आहे?

अमिरातीत ग्राहक संरक्षणाचा केंद्रीय कायदा आहे, २०२० चा क्रमांक १५. त्याची कार्यकारी नियमावली २०२३ मध्ये मंत्रिमंडळाच्या ६६ क्रमांकाच्या निर्णयाने आली. या कायद्याचा गाभा साध्या भाषेत असा: वस्तूत दोष निघाला तर विकणाऱ्याने ती दुरुस्त करून द्यावी, किंवा बदलून द्यावी, किंवा पैसे परत करावेत. विकणाऱ्याने तारखेसह बिल द्यायला हवं. दिलेली वॉरंटी पाळायला हवी. आणि हा कायदा साहेब आणि मजूर असा फरक करत नाही. तुमचा व्हिसा कुठल्या पदाचा आहे हे त्यात कुठेच विचारलेलं नाही.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्याने तुमच्याकडून पैसे घेतले, ज्याचं नाव बिलावर आहे, त्याची जबाबदारी संपत नाही. फोन दुसऱ्या कंपनीने बनवला असेल, दुरुस्ती तिसरीच करत असेल, ते त्यांचं आपसातलं. ऑपरेटरने फोन विकला, हप्ता ऑपरेटर घेतो, तर "आम्ही फक्त विकतो" हे वाक्य म्हणजे सुटका नव्हे.

मात्र कायदा आंधळाही नाही. फोन पडून काच फुटली, पाण्यात गेला, रस्त्यावरच्या दुकानात उघडला, तर वॉरंटीत बसणार नाही. आपल्यातले बरेच जण इथेच अडकतात. देरात, सतव्यात, मुसाफ्फामध्ये पन्नास दिरहमला फोन उघडून देणारे हुशार कारागीर भरपूर आहेत. पण वॉरंटी चालू असलेला फोन त्यांच्याकडे एकदा उघडला की पुढची वाट बंद होते. वॉरंटीतला फोन आधी अधिकृत सेंटरला. वॉरंटी संपली की मग खुशाल त्या कारागिराकडे.

आणि उन्हाचं काय? ॲपलसारखी कंपनी आपला फोन वापरण्यासाठी हवेचं तापमान ० ते ३५ अंश असावं असं सांगते. आपल्या साइटवर जुलैमध्ये पंचेचाळीस असतं. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर माणसाला दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं, पण डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनला ती सवलत नाही. त्यामुळे फोन पिकअपच्या काचेखाली, लोखंडी प्लेटवर, ढगळ्या खिशात घामाला चिकटून ठेवू नका. बॅटरी फुगली, मागचं झाकण उचललं गेलं, तर तो फोन चार्जिंगला अजिबात लावू नका. आठ जणांच्या खोलीत, बंक बेडवर, उशीजवळ फुगलेली बॅटरी म्हणजे आगीचा धोका. असा फोन बंद करून लगेच सेंटरला द्या आणि तक्रारीत "बॅटरी फुगली आहे" असे शब्द स्पष्ट लिहून घ्या. हा सुरक्षेचा प्रश्न आहे, तो त्याच शब्दांत नोंदला गेला पाहिजे.

फोन लावण्याआधीची वीस मिनिटं

टेक्निकल सपोर्टवाला पहिल्यांदा विचारतो, "सर, रीस्टार्ट केला का?" आपल्याला राग येतो. पण त्या प्रश्नामागे कारण आहे. त्याला शोधायचं असतं की दोष नेटवर्कचा, सिमचा, ॲपचा की सेटचा. हे काम आपणच आधी करून ठेवलं तर अर्धा तास वाचतो आणि तो आपल्याला गुंडाळू शकत नाही.

पहिलं, आपलं सिम रूममधल्या दोस्ताच्या फोनमध्ये घाला. तिथे नेटवर्क व्यवस्थित आलं तर सिम चांगलं आहे. मग त्याचं सिम आपल्या फोनमध्ये घाला. तेही चाललं नाही तर दोष आपल्या सेटमध्ये. ही अदलाबदल सगळ्यात पक्का पुरावा आहे.

दुसरं, फोन अपडेट मागत असेल तर वायफायवर अपडेट करून बघा. अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये चालू करून बघा. सेफ मोडमध्ये आपण टाकलेली ॲप बंद राहतात. तिथे फोन नीट चालला तर एखादं ॲप त्रास देतंय. तिथेही बंद पडला तर सेटचाच दोष.

तिसरं, दोष दिसतो त्या क्षणी दुसऱ्याच्या फोनवर व्हिडिओ काढा. फोन आपोआप बंद होताना, स्क्रीनवर रेघा येताना, चार्जिंग घेत नसताना. सर्व्हिस सेंटरने "दोष आढळला नाही" म्हटलं की हाच व्हिडिओ समोर धरायचा. थांबून थांबून येणारा दोष त्यांच्या टेबलावर नेमका दिसत नाही, हे खरंही असतं. म्हणून पुरावा आपल्याकडे हवा.

चौथं, डायलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल. तो वहीत लिहून ठेवा. फोन पूर्ण बंद पडला असेल तर हा नंबर डब्यावर छापलेला असतो. म्हणून वॉरंटी संपेपर्यंत डबा टाकू नका. बिलाचा फोटो काढून घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. थर्मल कागदावरचं बिल सहा महिन्यांत पुसट होतं. आणि बंद पडलेल्या फोनमध्येच बिलाचा फोटो ठेवला तर तो कुणाला दाखवणार?

फोनवर काय बोलायचं

अमिरातीत एतिसलात, म्हणजे आताची ई अँड, हिचा ग्राहक क्रमांक १०१ आणि डूचा १५५. भाषा निवडायला सांगतात तेव्हा घाबरून इंग्रजी दाबू नका. हिंदी किंवा उर्दूचा पर्याय असेल तर तोच घ्या, आणि नसेल तर समोरच्याला थेट विचारा, "हिंदी में बात कर सकते हैं?" समोर बसलेला पोरगा किंवा पोरगी बहुतेक वेळा आपल्यासारखीच परदेशात आलेली असते. त्याच्यावर ओरडून काही मिळत नाही. फोन त्याने बनवला नाही, नियम त्याने केला नाही. पण नोंद करणं त्याच्या हातात आहे. ती नोंद त्याच्याकडून करून घेणं आपल्या हातात.

बोलताना चार वाक्यं पुरतात. फोन अमुक तारखेला तुमच्याकडून घेतला. दोष असा आहे आणि अमुक तारखेपासून आहे. दुसरं सिम घालून पाहिलं, तरी दोष आहे. मला दुरुस्ती किंवा बदली हवी आहे, तक्रार नोंदवा आणि नंबर द्या. इंग्रजीत बोलायची वेळ आली तर एवढंच म्हणा, "प्लीज रजिस्टर माय कम्प्लेंट अँड गिव्ह मी रेफरन्स नंबर." व्याकरणाची काळजी करू नका. या एका वाक्याला समोरचा बरोबर ओळखतो.

नंबर मिळाला की तो परत वाचून दाखवा. तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव, आणि त्याने काय सांगितलं ते वहीत लिहा. "किती दिवसांत उत्तर?" हे विचारा आणि तेही लिहा. कॉल ठेवल्यावर कंपनीचा मेसेज आला तर तो पुसू नका. दुकानात गेलात तरी हाच नियम. "बघतो, करतो" वर बाहेर पडू नका. कागदावर, मेसेजवर किंवा ईमेलवर, कशावर तरी नंबर घेऊनच बाहेर पडा.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर

फोन देताना जॉब शीट मिळते. ती वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला सोबत न्या, पण सही आंधळेपणाने करू नका. त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, आपण सांगितलेला दोष तसाच लिहिलाय का. "फोन आपोआप बंद होतो" असं सांगितलं आणि शीटवर "बॅटरी लवकर उतरते" लिहिलं तर ते बॅटरी तपासतील आणि ओके म्हणून परत देतील. दोन, फोनची आताची अवस्था काय लिहिलीय. कोपऱ्यावर ओरखडा असेल तर असेल, पण नसलेली चीर लिहिली असेल तर तिथल्या तिथे खोडायला लावा. देण्याआधी काउंटरवरच फोनचे चारही बाजूंनी फोटो काढा.

"पाणी गेलंय" हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं. अनेक फोनमध्ये सिमच्या खाचेजवळ किंवा आत एक छोटी पांढरी पट्टी असते. तिला पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते. सेंटरवाले ती बघून ठरवतात. त्यांनी पाणी म्हटलं तर भांडण्याआधी म्हणा, "पट्टी दाखवा, फोटो द्या, आणि तसं लेखी द्या." पट्टी खरंच लाल असेल तर वॉरंटी बहुतेक गेली, कारण पाणीरोधक म्हणून विकलेल्या फोनलाही पाण्याच्या नुकसानीची वॉरंटी सहसा नसते. पट्टी पांढरी असेल तर त्यांचं बोलणं तिथेच संपतं.

फोन देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. चालू होत असेल तर फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, कारण दुरुस्तीत किंवा बदलीत सगळं पुसलं जातं. पगाराचे मेसेज, ओव्हरटाइमचे फोटो आधी घरच्या कुणाला किंवा विश्वासू दोस्ताला पाठवून ठेवा. पुरावा एकाच फोनमध्ये ठेवणं म्हणजे सगळी कमाई एकाच खिशात ठेवणं. आणि गूगल किंवा ॲपलचं खातं फोनमधून काढा. खात्याचं कुलूप राहिलं तर काही ठिकाणी फोन घेतच नाहीत. खात्याचा पासवर्ड मात्र काउंटरवरच्या कुणाला लिहून देऊ नका.

हप्ता थांबवू नका, दुसऱ्याच्या नावावर घेऊ नका

"फोन चालत नाही, मग हप्ता का भरू?" हा राग रास्त आहे. पण हप्ता थांबवला तर आधी लाइन तुटते, आणि लाइन तुटली की ज्या नंबरवर बँक, एक्स्चेंज आणि सरकारी ॲप जोडलेलं आहे तोच नंबर जातो. अमिरातीत टेलिकॉम बिलांची माहिती अल इतिहाद क्रेडिट ब्युरोकडेही जाते. उद्या बँकेत छोटं कर्ज मागायला गेलात तर ती थकबाकी समोर येईल. म्हणून हप्ता भरत राहा आणि तक्रारीत लिहा, "मी हप्ते वेळेवर भरतोय, तरी फोन वापरता येत नाही." ही ओळ तुमची बाजू भक्कम करते. थकबाकीदाराची तक्रार कुणी गंभीरपणे घेत नाही.

दुसरी सवय याहून घातक. ज्याचा पगार हप्त्याच्या प्लॅनला पुरत नाही तो सुपरवायझरच्या किंवा गाववाल्याच्या नावावर फोन घेतो. फोन चालतोय तोवर ठीक. बिघडला की तक्रार नावावाल्यालाच करावी लागते, त्याचाच एमिरेट्स आयडी लागतो. तो तोवर रजेवर गावी गेलेला असतो, नाहीतर नोकरी सोडून दुसऱ्या देशात. तुमच्या हातात बंद फोन, आणि कागदावर तुम्ही कुणीच नाही. त्यापेक्षा परवडेल तो साधा फोन रोख पैशाने आपल्या नावाच्या बिलावर घ्या.

आणखी एक. इथे घेतलेला फोन रजेवर जाताना भावाला, बायकोला देतो. द्या. पण आधी विचारून घ्या की वॉरंटी भारतात चालते का. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात फोन विकला त्याच देशापुरती असते. मग चिपळुणात बंद पडलेला फोन कुणाच्या तरी बॅगेतून परत दुबईला येतो.

तिथेही ऐकलं नाही तर

ऑपरेटरने सांगितलेल्या मुदतीत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर वरचा दरवाजा आहे. अमिरातीत टेलिकॉम कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारी संस्था टीडीआरए आहे. तिच्याकडे ग्राहक तक्रार करू शकतो, पण आधी ऑपरेटरकडे तक्रार केलेली हवी आणि तिचा नंबर हवा. बघा, पुन्हा नंबर! बिल, हप्ता, करार, लाइन यांचा वाद तिकडे न्यायचा. वस्तूच खराब आहे आणि विकणारा ऐकत नाही, असं असेल तर ग्राहक संरक्षण खात्याकडे जायचं. दुबईत त्यासाठी ग्राहक संरक्षणाचं वेगळं महामंडळ आहे, आणि देशपातळीवर अर्थव्यवस्था व पर्यटन मंत्रालयाचा ग्राहक संरक्षण विभाग. तक्रार ऑनलाइन करता येते, त्यासाठी एजंट लागत नाही.

इतर देशांतल्या वाचकांसाठी: सौदीत टेलिकॉमची संस्था सीएसटी (पूर्वीची सीआयटीसी) आणि दुकानदाराविरुद्ध वाणिज्य मंत्रालय. कतारमध्ये सीआरए. ओमानमध्ये टेलिकॉमसाठी टीआरए आणि वस्तूसाठी ग्राहक संरक्षण प्राधिकरण. कुवेतमध्ये सीआयटीआरए. बहरीनमध्ये टीआरए. नावं वेगळी, पण वाट तीच: आधी कंपनी, मग वरचं कार्यालय, आणि हातात नंबर.

एक धोक्याची घंटाही वाजवून ठेवतो. गूगलवर किंवा फेसबुकवर "कस्टमर केअर" शोधून मिळालेला कुठलाही मोबाईल नंबर लावू नका. तिथे चोर बसलेले असतात. गोड हिंदीत बोलतात, फोन बदलून देतो म्हणतात, आणि ओटीपी मागतात किंवा स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावतात. ऑपरेटरचा नंबर सिमच्या पाकिटावरून किंवा बिलावरून घ्या. फोन बदलून द्यायला बँकेचा ओटीपी कशाला लागेल? ज्याने ओटीपी मागितला तो चोर, एवढं साधं गणित.

आमच्या मागण्या

ऑपरेटर कंपन्यांना आमचं सांगणं आहे. आमच्यासारखे लाखो कामगार तुमचे गिऱ्हाईक आहेत. दर आठवड्याला रिचार्ज करतात, महिन्याला हप्ता भरतात. त्यांच्यासाठी फार काही नको. हप्त्यावर विकलेला फोन दुरुस्तीला गेला तर तेवढ्या दिवसांपुरता साधा चालू फोन द्या. तक्रारीचा नंबर मागायची वेळ येऊ देऊ नका, नोंद झाली की आपोआप मेसेज पाठवा. लेबर कॅम्पांच्या जवळ, सोनापूर, जबल अली, मुसाफ्फा, सजा अशा ठिकाणी, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी तांत्रिक मदतीचं टेबल लावा. सिम विकायला तुमची माणसं कॅम्पाच्या गेटपर्यंत येतात, मग बिघडलेला फोन घ्यायलाही यायला हवीत.

कामाच्या कंपन्यांनाही एक सांगणं आहे. हजेरी ॲपवर घेता, सूचना व्हॉट्सॲपवर देता, पत्ता लोकेशनने पाठवता. म्हणजे फोन तुमच्याही कामाचा आहे. मग फोन दुरुस्तीला नेण्यासाठी दोन तासांची सुट्टी मागणाऱ्याचा पगार कापू नका, आणि फोन बंद होता म्हणून गैरहजेरी लावू नका.

आणि आपल्याला, भावांनो-बहिणींनो, स्वतःलाही सांगायचं आहे. महिन्याला हजार-बाराशे दिरहम मिळवणाऱ्याला सहाशेचा फोन म्हणजे अर्ध्या महिन्याची मेहनत. ती "जाऊ दे" म्हणून बॅगेत टाकायची नाही. पण एकट्याने लढायचंही नाही. ज्या रूममध्ये आठ जण राहतात तिथे एकाला तरी इंग्रजी फॉर्म भरता येतो. त्याने रविवारी अर्धा तास द्यावा. महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवाच्या मंडपात, ईद मिलनाच्या कार्यक्रमात एक टेबल तक्रारी लिहून द्यायला ठेवावं. घरकाम करणाऱ्या आपल्या बहिणींना बाहेर पडायला मिळत नाही. त्यांच्या वतीने कस्टमर केअरला फोन लावायचा असेल तर त्यांना शेजारी बसवून, स्पीकरवर ठेवून लावा, म्हणजे खात्याच्या मालकिणीची परवानगी तिथेच मिळते.

वर सांगितलेल्या स्कॅफोल्डरने नंतर दुसऱ्याचं सिम घालून बघितलं, व्हिडिओ काढला, नव्याने तक्रार नोंदवून नंबर घेतला. सर्व्हिस सेंटरला तो व्हिडिओ दाखवून जॉब शीटवर दोष नीट लिहून घेतला. फोन अजून बदलून मिळालेला नाही. पण आता त्याला कुणी दुसऱ्या दरवाजाकडे बोट दाखवत नाही, कारण तीनही दरवाजांवर एकच नंबर लिहिलेला आहे. ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर तोच नंबर घेऊन तो टीडीआरएकडे आणि ग्राहक संरक्षणाकडे जाणार आहे, आणि फॉर्म भरायला आम्ही सोबत बसणार आहोत.

ज्यांच्याकडे असा बंद फोन बॅगेत पडला आहे त्यांनी या रविवारी तो बाहेर काढा. बिल शोधा, आयएमईआय लिहा, वॉरंटीची तारीख बघा. मुदत शिल्लक असेल तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा.